शेंडी तुटलेलं पान

५ जानेवारी

उंबर आणि भुईउंबर – सुटले एकदाचे! तीन दिवस डोकं खाल्लं दोघांनी. तालुक्याच्या साहेबांनी नोंदवहीत दोन्हींसमोर नुसतं 'उंबर' लिहून ठेवलेलं. म्हटलं, साहेब, गावातली झाडं गावातल्या माणसांना विचारून लिहायची म्हणून ही जैवविविधतेची नोंदवही काढली ना? मग ऑफिसात बसून उंबर-उंबर काय करता? हसले. "मीनाताई, मग तुम्हीच लिहा." लिहिते की!

उंबराचं पान गुळगुळीत, फांदीवर एकाआड एक. भुईउंबराचं पान खरखरीत, तव्याची काजळी निघेल इतकं, आणि समोरासमोर जोडीनं. उंबराचं फळ लाल होतं. भुईउंबराचं पिवळट, केसाळ, खाल्लं तर तोंड वाकडं. कविताने दोन्हींचे फोटो काढले, पुढून आणि मागून. तसं ठरलंच आहे आमचं – मी लिहायचं, भाचीने मोबाइलवर फोटो काढायचे.

शेजारची फागी म्हातारी कुडापलीकडून ओरडली, "पानावर नको जाऊ बाय. पान लबाड गं. फळाला इचार." सत्तरीच्या पुढे गेली, पण रानातलं काहीही तिला विचारावं. सांगणारी ती, लिहिणारी मी. नाव मात्र माझं होतं! 'झाडवाली मीनाताई'. बरं वाटतं ऐकायला, खोटं कशाला बोलू.

८ जानेवारी

कविताचं जमलंय. मोखाड्याकडचा मंगेश, पाड्यावर सोलर पंप बसवायला आला होता तो. भाकरी थापताना मला म्हणाली, "आत्या, रागावू नको हं." मी कशाला रागावू? तेवीस वर्षांची झाली पोरगी.

तिची आई गेली तेव्हा तीन वर्षांची होती. मी दोन वर्षं नांदून परत आलेली, घरात नुसती बसून. जगनदादाने पोर माझ्या मांडीवर टाकली आणि ठाण्याला बिगारीला निघून गेला. वर्षातून दोनदा येतो. तेव्हापासून साखरशेतच्या या घरात आम्ही दोघीच.

मंगेश आज जेवायला होता. स्वतःचं ताट स्वतः धुतलं. मोठ्यांशी नीट बोलतो, दारू नाही, तंबाखू नाही. नाव ठेवायला जागा नाही. शोधली मी!

१२ जानेवारी

कविता त्यांच्या घरी गेली होती, सकाळची गेली ती अंधार पडताना आली. मी सवयीने दोघींच्या भाकऱ्या केल्या. तिच्या वाट्याच्या कोंबड्यांना घातल्या.

१६ जानेवारी

गोंधळ झालाय. लक्ष्याकाका, आमच्या भावकीतले मोठे, म्हणतात की मंगेशच्या घराण्याचं देवाचं झाड त्यांनी रस्त्यावरून पाहिलंय आणि तो पिंपळ आहे. आमचं देवकही पिंपळ. एक देवक म्हणजे एक रक्त, बहीण-भाऊ. लग्न नाही, विषय संपला.

मंगेशचे आजोबा माघ्याबाबा म्हणतात, पिंपळ नाहीच, आमची पायर. आता पायर आणि पिंपळ! दुरून पाहिलं तर भले भले फसतात. पान तेच, बदामासारखं. फरक शेंडीत. पिंपळाच्या पानाची शेंडी लांबलचक, पानाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पायरची आखूड, नखाएवढी.

आमचं झाड मी कधी पाहिलेलं नाही. वरच्या जुन्या पाड्यावर आहे. आमच्यात बायकांनी देवकाजवळ जायचं नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी घरचा पुरुष डहाळी आणतो, कोऱ्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून. मांडवाच्या खांबाला बांधायची, सोडून बघायची नाही, लग्न लागलं की नदीत सोडायची. त्याच्या सावलीत बसायचं नाही, आणि फळ तर तोंडात घालायचंच नाही. "देवक खाल्लं त्यानं घर खाल्लं," असं बा म्हणायचा. पिंपळ आहे हेही बानेच सांगितलेलं. नोंदवहीत त्या झाडाची जागा मी कोरी ठेवली आहे. न बघता कसं लिहू?

माघ्याबाबांकडे त्यांच्या मुलाच्या लग्नातलं देवकाचं पान डब्यात जपून ठेवलेलं आहे म्हणे. सगळे म्हणतात, मीनाला दाखवू. मीना सांगेल ते खरं. रविवारी बसायचं ठरलं.

१९ जानेवारी, रविवार

पिंपळ. मी सांगितलं, पिंपळ.

अंगणात सगळे बसले होते. माघ्याबाबांनी पत्र्याचा डबा उघडला, आतून फडकं काढलं, फडक्यातून पान. सत्तावीस वर्षांचं जुनं, नुसती जाळी राहिलेली. कविताने आधी फोटो काढला, सवयीने. मग माझ्या हातात आलं. मी उन्हाकडे तोंड करून निरखलं. शेंडी तुटलेली होती. इतकं जुनं पान, शेंडी राहणार कशी? मी तसंच सांगितलं – शेंडी लांब असणार, तुटली आहे, पिंपळ.

माघ्याबाबांनी पान परत डब्यात ठेवलं. मंगेश कविताकडे बघत होता. लक्ष्याकाका म्हणाले, "झालं. वहीवालीनं सांगितलं." जगनदादा मुद्दाम ठाण्याहून आला होता, तो संध्याकाळच्या जीपने परत गेला.

मी काय करू? विचारलं म्हणून सांगितलं. उद्या कोणी म्हणायला नको की झाडवालीने सगोत्र लग्न लावून दिलं.

२० जानेवारी

कविता जेवली नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला सरपंचांनी माझं नाव घेतलं. "आपल्या मीनाताईंमुळे एक चूक होता होता राहिली." टाळ्या! मी खाली बघत उभी. फागी जवळच होती. म्हणाली, "फळ पाहिलं व्हतंस का?" म्हटलं, जानेवारीत कुठलं फळ? म्हणाली, "मंग थांबायचं व्हतं. पोरीचं वय काय नदीनं वाहून चाललं व्हतं?"

म्हातारीला काही कळत नाही. नाही, तिलाच कळतं!

२ फेब्रुवारी

कविता घरीच असते आता. आज ऊन खात बसलो होतो तेव्हा तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. मला बरं वाटलं.

बरं वाटलं, याचीच लाज वाटते आहे.

९ फेब्रुवारी

तुटलेली नव्हती.

१० फेब्रुवारी

काल एवढंच लिहून वही मिटली. आज लिहिते सगळं. ही वही कोण वाचणार आहे?

शेंडी होती. आखूड, नखाएवढी, अख्खी. पान हातात आलं त्याच क्षणी मला कळलं – पायर. आंधळ्यालाही कळलं असतं. उन्हाकडे वळले ती नीट बघायला नाही, माणसांकडे पाठ करायला वळले. अंगठा शेंडीवर होता. वाळकं पान, किती जोर लागणार! मोडली. तीन आठवडे मी स्वतःला सांगत होते की अंगठा चुकून लागला. लागला नाही. लावला.

का? पोरगी जाऊ नये म्हणून. दुसरं काही नाही. ती गेल्यावर मी या घरात कोणासाठी चूल पेटवू, एवढं एकच डोक्यात होतं. त्या मुलाचा दोष नाही, त्या म्हाताऱ्याचा नाही, माझ्या पोरीचा तर नाहीच. वीस वर्षं वाढवली तिला, आणि तिचं एकच मागणं मी अंगठ्याने मोडलं. मी तिची आई असते तर मोडलं असतं का? काय माहीत. आयासुद्धा मोडतात.

शेंडीचा तुकडा माझ्या ओच्यात पडला होता. मी तो टाकला नाही. या वहीत आहे, १९ जानेवारीच्या पानावर.

११ फेब्रुवारी

सांगायला हवं. उद्या सांगते.

१५ फेब्रुवारी

नाही सांगितलं. सांगून काय होईल तेही बघितलं पाहिजे. नोंदवहीचं काम जाईल. लोक तोंडावर हसतील. 'झाडवाली मीनाताई' म्हणणारे 'मोडवाली' म्हणतील! आणि कविता – तिचं मी पुढचं लिहीत नाही.

शिवाय पुरावा लागेल. फागी म्हणते तेच खरं, फळ पाहिजे. झाडाला फळ धरू दे, मग बघून येते आणि सांगते. तोपर्यंत थांबायला हरकत नाही.

(वाचून पाहिलं. लबाडी किती शहाण्यासारखी लिहिता येते मला!)

१३ मार्च, होळी

मोखाड्याहून सुनिता आली होती होळीला, माझी जुनी मैत्रीण, माघ्याबाबांच्याच पाड्यावर दिलेली. तिला काही ठाऊक नाही. सहज म्हणाली, "अगं, माघ्याबाबा आता आमच्या देवाच्या झाडाला पिंपळ म्हणायला लागलाय. पोरांनी चिडवलं तर म्हणतो, वहीवाल्या बाईनं बघितलं ना, मंग तसंच आसंल."

ऐंशी वर्षांचा माणूस. आयुष्यभर त्या झाडाला दिवा लावला. आणि माझ्या एका शब्दाने त्याचं नाव बदलून टाकलं.

होळी पेटली. सगळे नाचत होते. कविताही नाचली, मुलींच्या रांगेत शेवटी. माझ्याकडे बघत होती असं वाटलं. आजकाल मला सगळेच माझ्याकडे बघतात असं वाटतं.

४ एप्रिल

मंगेशला दाभोशाची मुलगी बघायला सांगितलंय म्हणे. कविता ऐकत होती. उठली, पाणी भरायला गेली. हंडे भरलेलेच होते.

२२ एप्रिल

मोखाड्याला जाऊन आले. घरी सांगितलं, तालुक्याला नोंदवहीची बैठक आहे. जीपने गेले, फाट्यावर उतरले, पाड्याच्या मागच्या वाटेने झाडापाशी. आपल्या देवकाला जाता येत नाही, दुसऱ्याच्या देवकाला जायला बंदी नाही. आधी बुंध्याला हात लावून पाया पडले. कोणत्या तोंडाने, ते देवच जाणे.

नवीन पालवी धरलेली. हजार पानं असतील डोळ्यांसमोर, एकाचीही शेंडी लांब नाही. आणि फळं! देठाजवळ जोडीजोडीने, करवंदाहून लहान, पांढरट, वर बारीक ठिपके. पिकलेली काळी पडून खाली सडा झालेला. पिंपळाचं कच्चं फळ हिरवं असतं, पिकून तांबूस-जांभळं होतं. असं पांढरट ठिपक्यांचं कधीच नाही. पायर. पायर! आणि मला ते जानेवारीतच ठाऊक होतं, त्यामुळे या फळाने मला नवीन काही सांगितलं नाही. फक्त थांबायचं कारण काढून घेतलं.

कुणी तरी बुंध्याशी पणती ठेवली होती. तेल ताजं होतं.

२४ एप्रिल

कविताला सांगितलं.

दुपारी, ती नाचणी पाखडत होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगितलं. शेंडी होती, मी मोडली, तू जाऊ नयेस म्हणून मोडली. ती पाखडत राहिली. सूप खाली ठेवलं नाही.

"फोटो आहे माझ्याकडे," म्हणाली. "शेंडीसकट. त्याच दिवशी बघितला."

म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"चार माणसांत तुला उघडी पाडू? तुला?" मग सूप ठेवलं. "तू कधी सांगतेस ते बघत होते आत्या. मंगेशला म्हटलं, पावसापर्यंत थांब. तोपर्यंत नाही बोलली तर मग मीच तुला सोडून जाईन, लग्न होवो न होवो."

तीन महिने! तीन महिने ती पोर माझ्या हातचं जेवत होती आणि वाट बघत होती. तेल लावलं त्या दिवशीही तिला ठाऊक होतं. मी रडले. ती रडली नाही. मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आता हेच सगळ्यांसमोर सांग."

२७ एप्रिल, रविवार

सांगितलं.

तेच अंगण, तीच माणसं. जगनदादालाही बोलावून घेतलं. बसूनच बोलले. ही वही सोबत नेली होती. १९ जानेवारीच्या पानावरचा तुकडा काढून माघ्याबाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी डबा उघडला, पान काढलं, तुकडा जागेवर लावला. बसला.

लक्ष्याकाकांचा चेहरा लाल. दादा म्हणाला, "मीने, माझ्या पोरीचं असं केलंस?" एवढंच म्हणाला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग माघ्याबाबा. ओरडतील वाटलं होतं. हळूच बोलले, "शेंडी व्हती, मला म्हाईत व्हतं. दर दिवाळीला डबा उघडून बघतो मी. पण तू शिकलेली, वहीवाली. म्हटलं आपलेच डोळे गेले. माझ्या आज्यानं पायर सांगितलेली, त्याला मी लबाड म्हटलं, बाय. मेलेल्या माणसाला."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं. माफ केलं असं म्हणाले नाहीत. मीही माफी मागितली नाही, कुठल्या तोंडाने मागू? पण लग्नाला हो म्हणाले. "पोरांचा काय दोष?" ११ मे ठरली.

साहेबांना फोन करून सांगितलं की माझ्या हातून असं असं झालं, नोंदवही दुसऱ्या कोणाकडे द्या. साहेब म्हणाले, दुसरं आहे कोण? लिहा, पण नीट लिहा. शपथ घेतली – यापुढे डोळ्यांनी बघितल्याशिवाय, फळ हातात घेतल्याशिवाय नोंदवहीत अक्षर लिहायचं नाही. आणि जे दिसेल तेच लिहायचं, मग ते कोणाला आवडो न आवडो.

३ मे

लोक बोलतात. बोलू देत. विहिरीवर बायका गप्प होतात मी गेले की. फागी मात्र कुडावरून रोज हाक मारते. काल म्हणाली, "उशिरा का व्हईना, वकलीस ना? पोटात विख ठेवून कोण जगलंय?" मग लगेच, "मला लुगडं घे लग्नात, हिरवं." म्हातारीला संधी बरी सापडते!

कविता बोलते माझ्याशी. पूर्वीसारखं नाही, पण बोलते. काल मांडवाला कुठली झाडं लागतात ते विचारत होती, मी सांगितलं, तिने मोबाइलवर लिहून घेतलं. मग विचारलं, "आत्या, पाऊस लागला की येशील ना माझ्याकडे चार दिवस? तिकडची झाडं राहिलीत लिहायची." मी मान डोलावली.

८ मे

मांडव उभा राहिला. मंगेश स्वतः आला दोऱ्या ओढायला, नवरा मुलगा असून! फागीने त्याला हाकललं – "जा रं, लगनाआधी सासरी राबतोस? पुढं आख्खा जन्म हाय." सगळे हसले. मीही हसले. किती महिन्यांनी.

माघ्याबाबांनी निरोप पाठवला की त्यांच्याकडची डहाळी पायरचीच येईल, आणि यावेळी पान डब्यात ठेवायच्या आधी मला दाखवतील. नोंदवहीत त्यांचं झाड लिहून टाकलं – पायर. आमच्या झाडाची जागा अजून कोरीच आहे.

१० मे

उद्या लग्न. जगनदादा जुन्या पाड्यावरून आमच्या देवकाची डहाळी घेऊन आला, पांढऱ्या फडक्यात. खांबाला बांधताना गाठ सैल पडली आणि दोन फळं अंगणात पडली. माझ्या पायाशी. पांढरट, बारीक ठिपक्यांची.

पायर. आमचीसुद्धा! एकच देवक.

दादा वर बघत गाठ आवळत होता. कविता आत हळदीला बसलेली, तिचं हसू बाहेर ऐकू येत होतं. मी वाकले, दोन्ही उचलली आणि खाल्ली.

मग नोंदवही काढली. कोऱ्या जागी लिहिलं – पिंपळ.